आठ आकड्यांत मावलेले घर

पानिपतमधल्या घराला हल्ली दोन पत्ते असतात. एक पोस्टमनला कळतो तो, गल्ली आणि मोहल्ल्याचा. दुसरा नुसत्या आठ आकड्यांचा. हरियाणा सरकारच्या कागदावर त्याचे नाव ‘परिवार पहचान पत्र’. लोकांच्या तोंडी मात्र ‘फॅमिली आयडी’. आधार क्रमांक माणसाला मिळतो, हा क्रमांक कुटुंबाला मिळतो. २०२१ साली हरियाणाच्या विधानसभेने त्यासाठी वेगळा कायदाच केला. घरात माणसे किती, कोणाचे वय काय, कोणाचे लग्न झाले, कोणाचा नवरा गेला, वर्षाची कमाई किती, हे सगळे त्या आठ आकड्यांमागे नोंदलेले असते.

या व्यवस्थेचे मला फार नवल वाटते. पूर्वी म्हातारपणाची पेन्शन मिळवायची तर सरपंचाची सही, वयाचा पुरावा, दहा खेटे. आता आजोबांनी साठी ओलांडली की ते संगणकालाच कळते. उत्पन्न मर्यादेत असेल तर सरकारी माणूस संमती विचारायला येतो आणि पेन्शन सुरू होते. जन्म, लग्न, मृत्यू, शेतीचा तुकडा, शिधापत्रिका या साऱ्या नोंदी एकमेकींना जोडल्यामुळे हे साधले आहे. राज्याने प्रजेच्या घरात इतक्या बारकाईने पाहावे, असे याआधी क्वचितच घडले असेल.

पण याच घरातली एक गोष्ट या नजरेला दिसत नाही. पानिपतमधल्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करून पाहू. नवरा सूतगिरणीत कामाला. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. दहा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, त्यामुळे शाळा नाही. सासूबाईंना वृद्धत्व भत्ता आहे. शाळेत जाऊ न शकणाऱ्या दिव्यांग मुलांसाठीही हरियाणात वेगळी मदत आहे. राहिली घरातली सून. सासूबाईंना कुशीवर वळवायचे, मुलाला भरवायचे, दोघांचे कपडे दिवसातून तीनदा बदलायचे, रात्री दोनदा उठायचे, हे तिच्याकडे. पूर्वी ती जुने कपडे निवडण्याच्या गोदामात जायची, ते सुटले. तिची कमाई बंद झाली, एवढे आठ आकड्यांच्या नोंदीत दिसेल. ती का बंद झाली, हे त्यात कुठेच येणार नाही.

पानिपतच्या त्या गोदामांत परदेशी जुन्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे येतात. बाया आधी चेन, गुंड्या, अस्तर काढतात आणि मग रंगाप्रमाणे ढीग लावतात. लाल लालमध्ये, निळा निळ्यात, म्हणजे पुढे सूत रंगवायची गरज पडत नाही. सरकारची पात्रता-तपासणीही माणसांचे असेच ढीग लावते: वृद्ध, विधवा, दिव्यांग, दारिद्र्यरेषेखालचे. फरक एवढाच की गोदामात मिश्र रंगांच्या कपड्यांसाठी वेगळा ढीग असतो. स्वतः धडधाकट, तरुण, लग्न झालेली, पण दुसऱ्याच्या आजारपणाने घरात अडकलेली बाई कोणत्या ढिगात टाकायची, हे सरकारी तपासणीत ठरलेलेच नाही.

पानिपत म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १४ जानेवारी १७६१ उभा राहतो. रणावर काय झाले ते आपण शंभरदा वाचले आहे. त्या संध्याकाळनंतर हजारो घरांत काय झाले असेल, याचा विचार आपण कमी करतो. कर्ता गेला, मागे लहान मुले आणि म्हातारे. त्यांना कोण पाहणार? मराठी राज्याला हा प्रश्न नवा नव्हता. अफझलखानाशी झालेल्या लढाईत जे कामी आले त्यांच्या मुलांना शिवाजी महाराजांनी चाकरीत घेतले आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले, असे सभासद बखरीत लिहिले आहे. पेशवाईत ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक असे. रणात पडलेल्याची मुले जाणती होईपर्यंत त्यांच्या संगोपनासाठी रोख रक्कम किंवा जमीन दिली जाई, आणि पेशवे दफ्तरात तशा नोंदी आहेत. आज आपण ज्याला सामाजिक सुरक्षा म्हणतो, तिची एक जुनी फांदी आपल्याच दफ्तरात सापडते.

अशी मदत द्यायची तर राज्याला एक गोष्ट नक्की ठाऊक हवी: कोण मेला आणि कोण जिवंत आहे. पानिपतानंतर नेमके हेच कळेना. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ गेले यावर त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंचा विश्वास बसला नाही. अखेरपर्यंत त्यांनी सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. पुढे भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला. साक्षी झाल्या, चौकशा झाल्या, त्याला कैदेत टाकले. तरीही त्याच्याभोवती फौज जमली, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले तेव्हा कुठे प्रकरण मिटले. एका माणसाच्या ओळखीची शहानिशा करायला राज्याला पंधरा वर्षे लागली!

आता त्याच हरियाणात २०२२ साली काय घडले ते पाहा. रोहतक जिल्ह्यातल्या १०२ वर्षांच्या एका आजोबांची पेन्शन अचानक बंद झाली. सरकारी नोंदीत ते मृत होते. नोटांचा हार घालून, रथात बसून, बँडबाजासह त्यांनी रोहतक शहरातून वरात काढली. ‘तुमचा फूफा अजून जिवंत आहे’ असा हरियाणवी फलक वरातीत होता. देशभर बातमी झाली आणि पेन्शन पुन्हा सुरू झाली. तोतया प्रकरणात मेलेला माणूस जिवंत म्हणून पुढे आला, इथे जिवंत माणूस कागदावर मेला. दोन्ही वेळा राज्य नोंद आणि माणूस यांची गाठ घालण्यात चुकत होते. संगणकामुळे नोंद झटपट होते. चूकही तितक्याच झटपट होते, आणि ती निस्तरायला १०२ वर्षांच्या माणसाला रस्त्यावर उतरावे लागते.

हरियाणातल्या पेन्शनची कहाणी वाचण्यासारखी आहे. १९८७ साली चौधरी देवीलाल मुख्यमंत्री झाले आणि ६५ वर्षांवरच्या वृद्धांना महिना १०० रुपये सुरू झाले. १९९१ मध्ये वयाची अट ६० वर आली. हा पैसा दया म्हणून द्यायचा नाही, मान म्हणून द्यायचा, ही त्यामागची भावना. योजनेच्या नावात आजही ‘सन्मान’ आहे. २०२४ च्या जानेवारीपासून रक्कम ३००० रुपये झाली. मधल्या काळात नवे नवे ढीग तयार झाले. २००६ पासून ज्यांना फक्त मुली आहेत अशा आईबापांना ४५ व्या वर्षापासूनच भत्ता मिळू लागला, तो ‘लाडली’ भत्ता. २०२३ मध्ये ४५ ते ६० वयाच्या अविवाहित स्त्रीपुरुषांना आणि ४० ते ६० वयाच्या विधुरांनाही महिना २७५० रुपये जाहीर झाले. अविवाहितांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, विधुरांसाठी ३ लाख.

म्हातारपणी आधाराला मुलगा नसणे, जोडीदार नसणे, जोडीदार गमावणे: एकेक करून राज्याने माणसाचे एकटेपण ओळखले. यात खरी माया आहे. पण एक अविवाहित बाई डोळ्यांसमोर आणा. आईवडिलांच्या आजारपणात तिचे लग्न राहून गेले. ४५ व्या वर्षी तिला भत्ता मिळेल, कारण ती अविवाहित आहे. वीस वर्षे तिने जे केले त्याची नोंद त्या अर्जावर नाही. तिच्या शेजारची विवाहित बाई तेच काम करत असेल, तर तिला हा भत्ताही नाही.

गंमत अशी की ब्रिटनमध्येही सुरुवात इथूनच झाली. मेरी वेबस्टर या धर्मोपदेशक बाईने आईवडिलांच्या सेवेसाठी काम सोडले होते. १९६३ साली तिने वर्तमानपत्रांना पत्र लिहून अविवाहित मुलींची ही अवस्था मांडली, आणि देशभरातून बायकांची पत्रे आली. त्यातून १९६५ मध्ये संघटना उभी राहिली, आणि १९७६ मध्ये आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यासाठी स्वतंत्र सरकारी भत्ता आला. त्यातून विवाहित स्त्रियांना मात्र वगळले होते. त्या तशाही घरातच असणार, असे सरकारचे गृहीत. आजारी आईसाठी नोकरी सोडलेल्या जॅकी ड्रेक या विवाहित बाईने हे गृहीत कोर्टात खेचले. १९८६ साली युरोपीय न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, आणि हजारो विवाहित स्त्रियांना तो भत्ता खुला झाला. बाईचे घरातले काम हे काम आहे, हे एका श्रीमंत देशाला कोर्टात सिद्ध करून घ्यावे लागले.

मग आपला कायदा काय म्हणतो? इथे मला खरेच थक्क व्हायला झाले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, अगदी व्याख्यांच्या कलमात, काळजीवाहकाची व्याख्या आहे. आईवडील आणि घरातली इतर माणसे धरून, पैसे घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारी कोणतीही व्यक्ती त्यात येते. ‘न घेता’ हा शब्द संसदेने कायद्यात लिहून ठेवला आहे! पुढे २४ व्या कलमात सरकारांनी कोणत्या योजना आखाव्यात याची यादी आहे. तिच्यात दिव्यांग पेन्शन आहे, बेरोजगार भत्ता आहे आणि ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ताही आहे. याच कलमानुसार दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त हवी. मात्र हे सगळे सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करायचे आहे. त्या एका वाक्यखंडाच्या आडोशाला अनेक राज्ये बसून राहिली.

केरळने कायद्याची वाट पाहिली नाही. तिथे २०१० पासून ‘आश्वासकिरणम्’ ही योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या माणसाची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्याला तिच्यातून महिना ६०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे. पण ती काळजी घेणाऱ्याला, काळजी घेतो म्हणून मिळते. त्या बाईचे नाव सरकारी यादीत तिच्या स्वतःच्या कामासाठी येते. ६०० रुपयांपेक्षा हे मोठे आहे.

महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, आणि वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. आईबापांची कावड खांद्यावर वाहणाऱ्या मुलाचे नाव ज्या योजनेला आहे, तिचे पैसे आईबापांना मिळतात. वाहणाऱ्या खांद्यासाठी तिच्यात तरतूद नाही. गावात लोक तिला ‘श्रावणबाळचा पगार’ म्हणतात. २०२३ मध्ये हे अनुदान महिना १५०० रुपये झाले आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २५००. उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारण अर्जदाराच्या कुटुंबासाठी वर्षाला २१,००० रुपये ठेवलेली आहे. भागून पाहा, दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. घरात कोणी आठवड्यातून चार दिवस मजुरीला गेले तरी ही रेषा ओलांडली जाईल. वर दरवर्षी हयातीचा दाखला. म्हातारीला रिक्षात घालून बँकेत किंवा तहसीलला न्यायचे, तर मजुरी बुडवतो तो मुलगा किंवा सून. पेन्शन सासूची, हयात सासूची, दिवस मात्र सुनेचा जातो.

तपासणी नको, असे कोणी म्हणणार नाही. सार्वजनिक पैसा आहे, तो योग्य हाती पडतो की नाही हे पाहायलाच हवे. प्रश्न एवढाच की तपासणारा घरात येऊन काय पाहतो. याची दोन उत्तरे युरोपात शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

ब्रिटनमध्ये काळजीवाहकाचा भत्ता हवा तर आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेतली पाहिजे आणि बाहेरची कमाई ठरलेल्या रेषेच्या आत पाहिजे. २०२४ मध्ये ती रेषा आठवड्याला १५१ पौंड होती आणि भत्ता ८१ पौंड ९० पेन्स. रेषेच्या वर एक पेनी कमावली तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जाई. दुकानात थोडे तास काम करणाऱ्या आईला एखाद्या आठवड्यात जास्तीची पाळी मिळाली की ती नकळत रेषा ओलांडायची. कमाईची माहिती सरकारी संगणकावर येत होती, पण सगळे इशारे वेळेवर तपासले जात नव्हते. वर्षानुवर्षे कोणी काही बोलले नाही, आणि मग एक दिवस हजारो पौंडांच्या वसुलीचे पत्र आले. एक लाखाहून जास्त काळजीवाहकांवर असे कर्ज चढले. २०२४ मध्ये यावर देशात मोठा गदारोळ झाला. सरकारला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली, आणि २०२५ च्या एप्रिलपासून रेषा १९६ पौंडांवर नेण्यात आली. ज्यांनी मुद्दाम काही लपवले नव्हते त्यांच्यावर गुन्हेगारासारखे वागवले जाण्याची पाळी आली, कारण त्या तपासणीला पौंड मोजता येत होते आणि तास मोजता येत नव्हते.

जर्मनीत १९९५ पासून काळजी-विमा आहे. तिथे तपासनीस घरी येतो आणि माणूस स्वतःचे स्वतः काय करू शकतो ते पाहतो. अंघोळ, जेवण, कपडे या स्वतःच्या देखभालीला एकूण गुणांत ४० टक्के वजन. औषधोपचार आणि आजाराशी जुळवून घेण्याला २० टक्के. हालचालीला फक्त १०. त्यामुळे चालता येणाऱ्या पण विसरत चाललेल्या आजींनाही मोल मिळते. त्यावरून पाच श्रेण्या ठरतात. घरच्यांनीच सेवा करायचे ठरवले तर २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीला महिना ३४७ युरो आणि पाचव्या श्रेणीला ९९० युरो मिळत होते. बराच वेळ सेवा देणाऱ्या घरच्या माणसाच्या निवृत्तिवेतनाचा हप्ताही विमा निधीच भरतो, म्हणजे आजची सेवा उद्याच्या म्हातारपणात जमा होते. आणि सगळ्यांत सुंदर भाग म्हणजे पैसे चालू राहायचे असतील तर ठरावीक काळाने प्रशिक्षित परिचारिका घरी यायला हवी. ती काळजी नीट होते की नाही ते पाहते आणि करणाऱ्याला शिकवतेही: कसे वळवायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचे, स्वतःची कंबर कशी जपायची. तपासणी आणि मदत एकाच भेटीत होतात.

जर्मनी श्रीमंत आहे, आपल्याला ते कुठून परवडणार, असे कोणी म्हणेल. पण महागडा भाग बाजूला ठेवला तरी या व्यवस्थेच्या गाभ्यात एक अगदी स्वस्त गोष्ट आहे. ती घरात जाऊन विचारते: यांचे कोण करते? आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे, त्याचा अंदाज केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातून येतो. १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांच्या देखभालीत गुंतलेल्या होत्या, पुरुषांपैकी २१.४ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सुमारे १४० मिनिटे त्यात जात होती, पुरुषांची ७४. यात लहान मुलांचे संगोपनही आले. तरी एवढे सिद्ध झाले की काळजी मोजता येते. सर्वेक्षण करणारे दारात बसून अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद विचारतात आणि बायका सांगतात.

म्हणून पानिपतच्या त्या आठ आकड्यांकडे मी मोठ्या आशेने पाहतो. ज्या नोंदीला आजोबांची साठी आपोआप कळते, तिला घरातल्या अंथरुणाशी बसलेली बाई कळणे अशक्य नाही. सासूबाईंचे आणि मुलाचे अपंगत्व-प्रमाणपत्र कुटुंबाच्या क्रमांकाला जोडता येते. राहतो तो एकच रकाना: काळजी कोण घेते. तो भरला की पुढच्या गोष्टी सोप्या होतात. हयातीची तपासणी बँकेच्या रांगेऐवजी घरी येऊन करता येईल. त्याच भेटीत काळजी घेणाऱ्या बाईचीही विचारपूस होईल. आणि कधीतरी तिच्या नावे रक्कमही जमा होईल, मग ती केरळइतकी लहान का असेना. अट एकच, नोंदीत चूक झाली तर ती दुरुस्त होईपर्यंत पैसे चालू राहिले पाहिजेत. चुकीची किंमत अंथरुणावरच्या माणसाने मोजू नये.

तोवर एक दार मात्र आजही उघडे आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या आणि जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीला २०१६ च्या कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार त्या आधारासाठी अर्ज करता येतो. तिच्या वतीने दुसरी कोणतीही व्यक्ती किंवा संस्था हा अर्ज करू शकते. मग मूल्यमापन मंडळाने गरज तपासून अहवाल द्यायचा आणि सरकारने त्याप्रमाणे आधाराची सोय करायची, असे कायदा सांगतो. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात असे कोणी असेल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा दिव्यांग कल्याण कार्यालयात हे कलम सांगून अर्ज द्या आणि पोच घ्या. काळजी घेणाऱ्या बाईला बहुधा तेवढी सवड नसते. ते काम तिच्यासाठी आपण करावे, अशी सोय संसदेने कायद्यात करून ठेवली आहे.